पलीकडचे हात

मंगळवारी दुपारी डॉर्कस स्वतः शिवलेल्या सहा गवती टोपल्या घेऊन धक्क्यावर गेली आणि अर्ध्या तासात परत आली. होडीवाल्याकडे टोपल्या द्यायच्या, शहरात त्या खपल्या तर पुढच्या मंगळवारी तो मीठ आणि रॉकेल आणून देणार, असल्या खेपा तिने आयुष्यभर केल्या होत्या. घरात चार वर्षांची नात झोपलेली होती. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर शेजार होता. आणि आमच्या बेटावर भर दुपारी पोर पळवायला येणार तरी कोण? त्या उन्हात कोंबड्यासुद्धा खांबांवर उभ्या घरांखालच्या सावलीत जाऊन बसतात.

ती परत आली तेव्हा एमलीन ओसरीच्या पायरीवर बसलेली होती. हात मांडीवर, पाठ ताठ. केस विंचरलेले होते, चापून तेल लावलेलं होतं आणि डोक्यावर चार वेण्या होत्या.

डॉर्कस कुंपणापाशीच थांबली. सकाळी तिने पोरीच्या डोक्याला नुसतं फडकं बांधून दिलं होतं, कारण गुंता काढायला बसलं की एमलीन असा टाहो फोडायची, की शेजारणी विचारायला यायच्या, पोरीला सोलतेस की काय म्हणून. आता मात्र तिच्या तोंडावर रडल्याची खूण नव्हती.

"कुणी घातल्या गं वेण्या?"

"आईनं."

हे तिने, भाकरी कुणी दिली असं विचारल्यावर सांगावं, तितक्या सहज सांगितलं. डॉर्कस जवळ गेली, वाकली, एक वेणी हातात घेऊन तिने पीळ पाहिला. पीळ उलटा होता. उजव्या हाताची बाई वेणी घालते तेव्हा बट ज्या बाजूनं वर येते, त्याच्या बरोबर विरुद्ध बाजूनं ती आली होती. बेटावर डावखुरी बाई एकच होती. तिला वेणी घालायला डॉर्कसनेच शिकवलं होतं आणि "देवानं तुझे हात उलटे लावले बघ" म्हणून शंभर वेळा डोक्यात टपलीही मारली होती.

ती लुविनिया. डॉर्कसची लेक, एमलीनची आई. तिला पुरून त्या मंगळवारी पाच आठवडे झाले होते.

ओसरीवर वास होता. कांजीचा, आणि गरम इस्त्रीखाली ओलं कापड करपतं त्याचा. डॉर्कसच्या घरात इस्त्री नव्हती.

एखादी शहाणी बाई असती तर तिने पोरीला उचललं असतं आणि थेट पाद्र्याच्या नाहीतर जाणत्या म्हातारीच्या दारात नेऊन ठेवलं असतं. डॉर्कस पायरीवर बसली आणि त्या वासात तोंड घालून हमसून हमसून रडली. भीती वगैरे काही नाही. लेक घरी आली होती, एवढंच तिला कळलं.

*

लुविनिया एकोणिसाव्या वर्षी उत्तरेकडे गेली. जाणारच होती. इथे काळ्या पोरीला गोऱ्यांच्या स्वयंपाकघराशिवाय दुसरं काय ठेवलं होतं? फिलाडेल्फियात ती एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला लागली, दिवसाला बारा तास इस्त्री. तिकडेच तिला एमलीन झाली. पोरीचा बाप कोण, ते तिने कळवलं नाही आणि डॉर्कसने विचारलं नाही. महिन्याला पत्र यायचं. डॉर्कसला वाचता येत नसे, शाळेची मास्तरीण वाचून दाखवायची आणि उत्तरही लिहून द्यायची.

मागच्या शरदातलं पत्र मात्र डॉर्कसला तोंडपाठ होतं. आई, खोकला हटत नाही, छातीत दुखतं, पोरीला घेऊन घरी येऊ का? आणि डॉर्कसने मास्तरणीला सांगितलेलं उत्तरही तिला तोंडपाठ होतं. कळ काढ. इथे आलीस तर काम नाही. ईस्टरला ये, तोवर हवा सुधारेल.

ईस्टरच्या आधी अकरा दिवस ती शवपेटीतून आली. आधी आगगाडीनं, मग होडीनं. पेटीशेजारी एका अनोळखी बाईच्या मांडीवर एमलीन बसली होती, गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवलेली.

आमच्याकडे आई गेली आणि मागं लहान मूल राहिलं, तर माती लोटायच्या आधी ते मूल पेटीवरून पलीकडे देतात. एकीनं अलीकडून द्यायचं, दुसरीनं पलीकडून घ्यायचं आणि परत द्यायचं. अशा तीन खेपा. देताना नाव घेऊन सांगायचं की ही पोर आता आमची, तिच्यासाठी मागं वळू नकोस. मेलेल्या माणसाला घर नको असतं, कपडेलत्ते नको असतात. पण आईला आपलं पोर हवं असतं, मेली तरी हवं असतं. म्हणून ही रीत. जगातल्या कुठल्याही रीतीसारखीच ती कुणाच्या तरी वाईट अनुभवातून आलेली आहे.

त्या दिवशी टेना मावशी पेटीच्या पलीकडे हात पुढे करून उभी राहिली. ही डॉर्कसच्या आईची धाकटी बहीण, सत्तरी ओलांडलेली, हातात काठी, दातांत पाइप. डॉर्कसला लहानाची मोठी तिनेच केलेली. सगळं गाव बघत होतं. डॉर्कसने पोर छातीशी आवळून धरली.

"झोपलीय ती," ती म्हणाली. "राहू दे."

पोर टक्क जागी होती. पोटची पोर गेलेल्या बाईला त्या घटकेला कोण काय बोलणार? पाद्र्याने खाकरून पुढचं वचन वाचायला घेतलं आणि माती पडायला लागली. डॉर्कसच्या मनात एकच होतं. मी तिला एकदा येऊ नको म्हणून सांगितलं. आता दुसऱ्यांदा सांगणार नाही.

*

बुधवारी डॉर्कस धक्क्यावर गेली तेव्हा तिच्याकडे द्यायला एकही टोपली नव्हती. जाण्याआधी तिने कंगवा आणि तेलाची बाटली पायरीवर मांडून ठेवली. धक्क्यावर अर्धा तास पाण्याकडे बघत बसली आणि घरी आली. वेण्या घातलेल्या होत्या.

गुरुवारीही घातलेल्या होत्या. शुक्रवारी ती गेल्याचं नाटक करून मागच्या बाजूनं घरात शिरली आणि दाराआड श्वास रोखून उभी राहिली. दाराची चौकट आमच्याकडच्या सगळ्या घरांसारखी निळी रंगवलेली होती. त्या निळ्यातून मेलेलं माणूस आत येत नाही, म्हणून लुविनिया पायरीपर्यंतच येत होती. डॉर्कस तासभर उभी राहिली. पोर बाहेर एकटी बसून पायरीवरच्या मुंग्या मोजत होती. कुणी आलं नाही. शेवटी डॉर्कसच दाराआडून हळूच म्हणाली, "लुव्ही... मी आहे गं. मला तरी दिस."

ओसरीवरचा कांजीचा वास तेवढ्यात विरला.

त्या दिवसापासून डॉर्कसच्या मनात एक काटा रुतून बसला. आणि तो भीतीचा नव्हता. सांगायला लाज वाटावी असा होता. तिला नातीचा हेवा वाटू लागला. संध्याकाळी पोरीला कुशीत घेऊन ती खोदून खोदून विचारायची.

"आई काय म्हणाली आज?"

"काही नाही. गुणगुणते."

"माझं काही विचारलं?"

एमलीन विचार करून मान हलवायची. "नाही."

पुढच्या आठवड्यात पोरीचं खाणं सुटलं. टोमॅटोत शिजवलेला लाल भात तिला जीव की प्राण, त्यात कोळंबी घातली तरी ती दोन घास घेऊन ताट सरकवायला लागली. दिवसभर पेंगायची. हातपाय गार पडायचे. आणि वेण्या रोज आदल्या दिवसापेक्षा घट्ट होत चालल्या. इतक्या घट्ट, की कपाळाची कातडी ताणली जाऊन पोरीचे डोळे वर ओढल्यासारखे दिसायचे. डॉर्कसने सैल करायला हात लावला की पोर डोकं झाकून घ्यायची.

"नको. आई रागावेल."

"आई रागावते तुझ्यावर?"

"नाही. रडते. तिचे हात गार आहेत ना, मग मी धरते ते." मग ती म्हणाली, "आजी, आई म्हणते तिकडची खोली अगदी लहान आहे. पण आम्ही दोघी मावू."

डॉर्कसच्या हातातली परडी खाली पडली. तरीही दुसऱ्या दिवशी तिने कंगवा बाहेर ठेवलाच. कुणाला हे खोटं वाटेल. ज्यांना खोटं वाटेल त्यांनी आपलं लेकरू अजून पुरलेलं नाही.

*

टेना मावशी खाडीच्या पलीकडच्या अंगाला राहायची आणि भरती बघून होडीनं यायची. शनिवारी सकाळी ती काही न कळवता आली. ओसरीवर चढली, एमलीनच्या डोक्याकडे एकदा पाहिलं आणि तोंडातला पाइप काढून विझवला. तो पाइप ती प्रार्थनेलासुद्धा विझवत नसे.

"किती दिवस झाले?"

"कशाला?"

"डॉर्कस, मी तुझं ढुंगण धुतलंय. माझ्याशी भोळेपणा करू नकोस. ही वेणी डाव्या हाताची आहे."

डॉर्कसने पोरीला परसात पाठवलं आणि मग सांगितलं. सगळं. कंगव्याचंसुद्धा.

मावशीने काठीवर हनुवटी टेकली. "दार उघडं ठेवलंस," ती म्हणाली. "वर पाटही मांडून दिलास."

"माझी लेक आहे ती, मावशी."

"आहे ना. आणि ही तिची लेक आहे. तुला तुझी हवी, तिला तिची हवी. तूच सांग, ती कशाला ऐकेल तुझं?"

"ती वाईट करणार नाही पोरीचं."

"वाईट कोण म्हणतंय? माया आहे ती. मेलेल्याच्या मायेला हिशेब कळत नाही, एवढंच. घास भरवायला येते आणि जीव घेऊन जाते." मावशी तिच्याकडे न बघता बोलत होती. "उद्या चर्च सुटलं की मी येते. ऊन असतानाच थडग्यावरून पोर पार करू. पेटीवरून करायची ती मातीवरून करू. उशीर झालाय, पण चालेल."

"मग ती येणार नाही?"

"नाही."

"कधीच नाही? माझ्याकडेसुद्धा नाही?"

"आत्ता येते का तुझ्याकडे?"

मावशीला आपण फार लागेलसं बोललो हे कळलं असावं, कारण उठताना तिने डॉर्कसच्या डोक्यावरून हात फिरवला.

*

रविवारी दुपारी धुकं आलं. त्या दिवसांत धुकं येत नाही, पण आलं. आधी समुद्राच्या बाजूची झाडं गेली, मग खाडी, मग कुंपण. भरती उतरत होती आणि एवढ्या दाट धुक्यात सत्तर वर्षांची बाई होडी हाकून येणार कशी, या काळजीनं डॉर्कस पुन्हा पुन्हा धक्क्याच्या वाटेपर्यंत जात होती. तिसऱ्यांदा ती परत आली तेव्हा पायरी रिकामी होती.

घरात पोर नव्हती. खुंटीवरचा रविवारचा पांढरा झगा नव्हता. पलंगाखालचे बूट नव्हते. एमलीनला नाडी बांधता येत नसे.

डॉर्कस अनवाणी धावली. दफनभूमी ओकच्या राईत, पाण्याच्या काठाला. वाट पायाखालची होती म्हणून बरं, नाहीतर डोळ्यांपुढे हाताचा पंजाही दिसत नव्हता. झाडांवरून लोंबणारं शेवाळ ओल्या केसांसारखं तोंडाला लागत होतं. कुठे पाखरू नाही, किडा नाही. थडग्यांवर मांडून ठेवलेल्या मेलेल्यांच्या वस्तू धुक्यातून पांढऱ्या दिसायच्या आणि पुन्हा बुडायच्या, एक फुटका कप, एक पाण्याचा तांब्या, एक बंद पडलेलं घड्याळ. मग तिला तो वास आला. कांजी आणि करपलेलं कापड. आणि मग आवाज, कंगव्याचे दात केसांतून जाताना येतो तो. चर्र. चर्र.

एमलीन लुविनियाच्या थडग्यावर बसलेली होती. बूट घातलेले, नाड्या नीट बांधलेल्या. ती मागे रेलून बसली होती, कुणाच्या तरी गुडघ्यांना टेकून बसावं तशी, आणि तिच्या मागे काहीही नव्हतं. तिचं डोकं हलकेच मागे ओढलं जात होतं. डाव्या कानामागची सुटी बट आपोआप उचलली गेली, तिचे तीन पेड झाले, आणि वेणी पडत गेली. शेवटची वेणी होती ती. पोरीचे डोळे अर्धवट मिटलेले होते आणि ओठ निळे पडले होते.

"लुव्ही," डॉर्कस म्हणाली.

वेणी घालणं थांबलं नाही.

मावशीसाठी थांबायला वेळ नव्हता. पलीकडून घ्यायला कुणी नव्हतं. एकटीनं हे करता येत नाही, लहान पोरालासुद्धा माहीत आहे. डॉर्कस पुढे झाली, तिने एमलीनच्या काखेत हात घातले आणि ओढलं. पोर हलेना. जमिनीत मूळ धरलेल्या झुडपासारखी ती घट्ट बसली होती. डॉर्कसने पाय रोवून पुन्हा ओढलं, तेव्हा कुठे ती सुटली आणि ओरडली. झोपेतून उठवल्यावर पोरं ओरडतात तसं.

डॉर्कस थडग्याच्या अलीकडच्या बाजूला उभी राहिली. तिने पोर दोन्ही हातांवर धरली आणि धुक्यात पुढे केली.

"ही एमलीन," ती म्हणाली. "ही आता आमची. हिच्यासाठी मागं वळू नकोस."

हातांवरचं ओझं नाहीसं झालं.

तिने पोर सोडली नव्हती. ती घेतली गेली होती. पलीकडे काही दिसत नव्हतं, फक्त एमलीनच्या झग्याचा पांढरा डाग, जमिनीपासून वर, कुणाच्या तरी हातांवर असावा इतक्या उंचीवर. मग तो डाग पुढे आला आणि पोर पुन्हा तिच्या हातांत होती. गार, ओली, पण होती.

दुसऱ्यांदाही तसंच झालं. या खेपेला जरा जास्त वेळ लागला.

तिसऱ्यांदा पोर गेली आणि आली नाही.

डॉर्कस रिकामे हात पुढे करून उभी राहिली. पांढरा डागही दिसेना. ती थडग्यावर पाय देऊन पलीकडे जाऊ शकली असती, पण ते केलं तर सगळंच मोडतं, एवढं तिला ठाऊक होतं. मग तिच्या तोंडून ते बाहेर पडलं, जे तिने इतके आठवडे कुणापाशीही बोलून दाखवलं नव्हतं.

"मी तुला येऊ नको म्हटलं," ती म्हणाली. "तू विचारलंस, घरी येऊ का, आणि मी म्हटलं कळ काढ. तू मला ओळख देत नाहीस ते बरोबर आहे. मला माफ करू नकोस. पण ती पोर त्या खोलीत गुदमरेल गं, लुव्ही. तू गुदमरलीस तशी. तुला कुणी हवंच असेल तर... मला ने. मी येते. पण तिला दे."

काही झालं नाही. पाणी कुठेतरी चिखलातून ओसरत होतं, त्याचा चुबुकचुबुक आवाज येत होता.

मग पलीकडे कुणीतरी रडायला लागलं. लुविनियाच होती ती. मोठी बाई रडते तशी नव्हे. सहा वर्षांची असताना जत्रेतून ओढत घरी आणलं होतं तेव्हा जशी रडली होती, तशी, हुंदके देत, पाय आपटत. आणि त्या रडण्यावर दुसरा आवाज होता. कुणीतरी तिला थोपटत होतं. शूऽ... शूऽ... उगी...

धुक्यातून दोन हात पुढे आले. मनगटापर्यंतच दिसत होते. त्यांच्यावर एमलीन होती, डोळे टक्क उघडे.

डॉर्कसने पोर घेतली. घेताना तिची बोटं त्या बोटांना लागली. मग थोपटण्याचा आवाज लांब लांब गेला, रडणंही त्याच्याबरोबर गेलं, दोघीजणी एकमेकींना धरून उतरणीला लागाव्यात तसं, पाण्याच्या दिशेनं.

*

टेना मावशी राईच्या तोंडाशी भेटली. चिखलात गुडघ्यापर्यंत माखलेली, धापा टाकत होती. होडी गाळात रुतली तेव्हा ती तशीच चालत निघाली होती. डॉर्कसच्या खांद्यावर एमलीन झोपली होती, आणि तिचा श्वास गरम होता. मावशीने पोरीच्या कपाळाला हात लावला आणि डोळ्यांची पापणी उचलून पाहिली.

"केलंस?"

"तीन वेळा."

"पलीकडून कुणी घेतली?"

डॉर्कसने चालणं थांबवलं नाही. "लुव्हीनं नाही. लुव्हीच्या मनगटावर इस्त्रीचा डाग होता, मी पेटीत पाहिला होता. हे हात... टोपल्या शिवणाऱ्या बाईचे होते, मावशी. गवतानं कापलेले. माझ्यापेक्षा तरुण होते."

"आणखी काय?"

"डावी करंगळी वाकडी होती. मोडून चुकीची बसलेली असावी तशी."

मावशीची काठी वाटेत थांबली. डॉर्कस चार पावलं पुढे गेली आणि तिला परत यावं लागलं.

"कोण होती ती?"

"ती करंगळी मी मोडली होती," मावशी म्हणाली. "मी नऊ वर्षांची असताना. दार आपटलं मी, त्यात सापडली तिची. हॅगरची. तुझ्या आईची."

डॉर्कसला आईचा चेहराही आठवत नव्हता. ती तीन वर्षांची असताना मोठं वादळ आलं, आणि हॅगरने आपल्या झग्याच्या चिंध्या करून पोरीला आणि बहिणीला ओकच्या फांदीला बांधलं, स्वतःला बांधायला चिंधी उरली नाही. पाणी उतरल्यावर बेटावर शेकडो माणसं सापडली. हॅगर सापडली नाही. ना पेटी, ना थडगं.

"तेव्हा तुला कशावरून पार करायची होती मी?" मावशी म्हणाली. "सबंध समुद्रावरून? पेटीच नव्हती. गप्प बसले. म्हटलं, सत्तेचाळीस वर्षांत काही झालं नाही, आता काय होणार."

"म्हणजे ती इतकी वर्षं..."

"विचारू नकोस. चल घरी. मागं बघू नकोस."

*

एमलीन सावरली. सोमवारी तिने दोन वाट्या लाल भात खाल्ला आणि तिसरी मागितली. गुंता काढताना असा टाहो फोडला की शेजारीण पुन्हा विचारायला आली. डॉर्कसने तिला दारातूनच हसून परत पाठवलं.

मावशी त्याच आठवड्यात दोनदा येऊन म्हणाली की अजून उपाय आहे. ओहोटीला काठावर जाऊ, तुलाही पाण्यावरून पार करू, मला माणसं मिळतील. डॉर्कस म्हणाली, "पन्नास वर्षांची घोडी मी. उचलणार कोण मला? अर्ध्या गावाची कंबर जाईल." मावशी हसली नाही. "डॉर्कस, ती तुझी आई आहे. लुविनिया एमलीनची होती तशी. कळतंय ना मी काय म्हणते?" डॉर्कसला कळत होतं. तिने विषय बदलला.

शुक्रवारी सकाळी ती पायरीवर टोपली शिवत बसली होती. एमलीन समोर अंगणात उभी राहून उकडलेल्या शेंगा खात होती आणि टरफलं कोंबड्यांना टाकत होती. टोपलीच्या गवताखाली डॉर्कसने लुविनियाचा फोटो ठेवला होता, उत्तरेत काढलेला, हॅट घातलेला. पोरीने तो ओढून काढला, उलटासुलटा केला, नीट पाहिला.

"आजी, ही बाई कोण?"

डॉर्कसने तिच्याकडे पाहिलं. पोर थट्टा करत नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं.

"ही लुविनिया," डॉर्कस म्हणाली.

"छान आहे. हॅट छान आहे." आणि फोटो पायरीवर ठेवून ती पुन्हा शेंगांकडे वळली.

लेक आता पूर्ण गेली होती. तिच्या पोरीच्या डोक्यातूनही गेली होती आणि डॉर्कसनेच तिला तिथून काढलं होतं. तिने टोपली बाजूला ठेवली, ॲप्रन तोंडाला लावला आणि रडली, आवाज दाबून, पोर घाबरू नये म्हणून.

तेव्हा तिच्या पाठीवर कुणाचा तरी हात फिरला. मानेपासून कमरेपर्यंत, सावकाश, तीन वर्षांच्या पोरीला गप्प करायला फिरवावा तसा. मग पुन्हा मानेपासून. एमलीन समोर अंगणात होती, तिचे दोन्ही हात शेंगांनी भरलेले होते. डॉर्कसच्या पाठीवरचं कापड ओलं होत चाललं. त्या पाण्याला समुद्राचा वास होता.

डॉर्कसने मागे वळून पाहिलं नाही. तिने रडणंही थांबवलं नाही. आपण थांबलो तर तो हातही थांबेल, असं तिला वाटलं.